रावसासाठी रेवदंडा : पुण्याहून कयाक नेणाऱ्यांसाठी

पानशेत-मुळशीच्या पाण्यात हात बसला की कयाकमधून मासेमारी करणाऱ्या पुणेकरांना खाडीचे, तिथल्या रावस माशाचे वेध लागतात. धरणाच्या पाण्याला भरती-ओहोटीची ओढ नसते. रेवदंड्याला कुंडलिका नदीच्या मुखाशी मात्र सगळा बेत ओढीवरच ठरतो, म्हणून इथे रविवार नाही, तिथी बघून निघायचं.

कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. द्वादशीला नऊ. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात पाहावी. या फेरीला डिसेंबरातली द्वादशी धरली ती त्याचसाठी. साडेसहाला फटफटताना उतरलं की दोन-अडीच तास पाणी आत चढत असतं आणि उधाणाचा पूर्ण जोरही आलेला नसतो. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती संपून ओहोटी लागते. त्यात थंडीतला मतलई वारा पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. दोन्ही मिळून कयाक बाहेर ढकलतात. मग वल्हं मारून परतणं भल्याभल्यांना जमत नाही.

आदल्या दुपारी ताम्हिणी-कोलाड-रोहामार्गे निघा, मुक्काम रेवदंड्यात किंवा चौलला. टपावरच्या कयाकचे पट्टे घाट उतरल्यावर पुन्हा ताणा, वळणांनी ते सैल पडतातच. पुढचं टोक बंपरला दोरीने वेगळं बांधा.

उतरायला वाळूची जागा शोधा. चिखलात पाय गुडघ्यापर्यंत रुततो आणि कालवांच्या कडा तळवा चिरतात. चपला नकोत, जाड तळव्याचे बूट हवेत.

सात फुटी मध्यम रॉड, २० पौंडी ब्रेड (विणलेली दोरी) पुरते. लीडर, म्हणजे गळाजवळचा दोरा, मात्र ४० पौंडी आणि किमान हातभर ठेवा. रावसाचे दात बारीक, पण तोंड कानशीसारखं खरखरीत असतं, बारीक लीडर झुंजीत झिजून तुटतो. दर माशानंतर शेवटचा वीतभर भाग बोटांनी चाचपा. खरबरीत लागला तर कापून गाठ नव्याने मारा. १५-२० ग्रॅमचं जिगहेड (वजनदार डोक्याचा गळ) आणि चार इंची सॉफ्ट प्लॅस्टिक (मऊ नकली आमिष) तळाजवळून हळू ओढा. पाणी फारच गढूळ असेल तर जिवंत कोळंबीच बरी. मासा लागला तो खारफुटीतून येणारे छोटे ओहोळ खाडीला मिळतात तिथे, गढूळ आणि निवळ पाण्याच्या सीमेवर. मधल्या खोल पाण्यात वेळ घालवू नये.

नांगर दीड किलोचा, दोर खोलीच्या किमान तिप्पट. तो पुढच्या किंवा मागच्या टोकालाच बांधा. बाजूला बांधला की ओढीत ती कड दबते, पाणी वर चढतं आणि कयाक उलटते. दोराला बोया लावून एका झटक्यात सुटेल अशी गाठ ठेवा. पुलाच्या खांबांपासून लांब राहा, तिथे भोवरे असतात. पलीकडे साळावच्या बाजूला मालवाहू बार्जची ये-जा असते. डोल जाळ्यांच्या (खुंटांना बांधलेल्या पिशवीसारख्या जाळ्यांच्या) खुंटांच्या, ओढ जिकडून येते त्या अंगाला कधीच थांबू नका, ओढ कयाकला थेट त्यांच्यावर नेऊन दाबते. जाळी कुठे लावली आहेत ते आदल्या संध्याकाळी कोळीवाड्यात विचारलं तर कुणीही सांगतं. लाइफ जॅकेट अंगातच हवं, हॅचमध्ये (कयाकच्या झाकणाच्या कप्प्यात) ठेवलेलं कामाचं नाही.

भरती भरली की गाशा गुंडाळा. ओहोटीत मुखाच्या वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात, आणि दुपारकडे समुद्रावरून खारा वारा सुटतो.

रावस आधी नर असतो, वाढल्यावर मादी होतो; त्यामुळे मोठा पाण्यात परत सोडून मधला ठेवावा. तो लगेच कल्ल्यातून रक्त काढून माशाच्या वजनाइतक्या बर्फात घाला, पुण्याला पोचायला चार तास लागतात. रील आणि रॉडच्या कड्या निघण्यापूर्वी गोड्या पाण्याने धुवा, घरी पोचेपर्यंत मीठ बसतं.