शिहॅलियन : चढाईआधीची आखणी आणि शेवटचे दगड

स्कॉटलंडमध्ये तीन हजार फुटांहून, म्हणजे सुमारे ९१४ मीटरांहून उंच असलेल्या २८२ डोंगरांना मन्रो म्हणतात. सर ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये अशा शिखरांची पहिली यादी प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून ती यादी एकेक खूण करत पुरी करण्याचे वेड या देशाला लागलेले आहे. सप्टेंबरमध्ये माझा मेहुणा नाशिकहून एडिंबरोला आला, तेव्हा त्याला त्यांपैकी एक तरी डोंगर दाखवावा असे ठरले. मी पर्थशायरमधला शिहॅलियन निवडला. उंची १०८३ मीटर, जाऊन-येऊन अंतर साधारण दहा किलोमीटर, प्रत्यक्ष चढ सुमारे साडेसातशे मीटर आणि बराचसा रस्ता बांधीव पायवाटेचा, असा तो मध्यम प्रकारचा डोंगर आहे.

“कळसूबाई १६४६ मीटर आहे, भाऊजी,” मेहुणा म्हणाला, “आणि तिथे आम्ही चपलांवरही लोक चढताना पाहतो. मग इथे हा नकाशा, हे होकायंत्र, हे हातमोजे कशाला?” प्रश्न रास्त होता. उत्तर उंचीत नसून अक्षांशात आहे. छप्पन्न अंशांच्याही उत्तरेला झाडे फार लवकर मागे पडतात, वर वाऱ्याला अडवणारे काहीच उरत नाही, आणि पायथ्याशी चौदा अंश तापमान असताना माथ्यावर सहा-सात अंश आणि अंगावरून जाणारा बोचरा वारा, ही तिथली अगदी सामान्य स्थिती असते.

म्हणून आखणीची सुरुवात हवामानापासून केली. शहराचा अंदाज डोंगरासाठी निरुपयोगी असतो. डोंगरांसाठीचा अंदाज वेगळा निघतो आणि त्यात माथ्यावरच्या वाऱ्याचा वेग, गोठणबिंदूची उंची आणि शिखरे ढगांतून मोकळी असण्याची शक्यता टक्केवारीत दिलेली असते. शनिवारी ही शक्यता फारच कमी दिसत होती आणि रविवारी बरी, त्यामुळे आम्ही रविवार धरला. वारा मात्र दोन्ही दिवशी होता. उन्हाळ्यात हाच वारा उपकारक ठरतो, कारण मिज नावाच्या बारीक चावऱ्या माश्या वारा सुटला की उडू शकत नाहीत.

वेळेचा हिशेब विल्यम नेस्मिथ यांच्या १८९२ च्या जुन्या नियमाने केला : दर पाच किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर दहा मीटरला एक मिनिट जास्तीचे. या हिशेबाने शिहॅलियनला सव्वातीन तास पुरतात. पण या नियमात विश्रांती नाही, डबा उघडून बसणे नाही आणि या डोंगराचा माथाही नाही. माथ्याकडचा एक किलोमीटरहून अधिक भाग म्हणजे क्वार्टझाइटच्या सुट्या दगडांचा नुसता खच आहे, आणि सगळी आखणी खरे तर त्या भागासाठी करायची असते. म्हणून सव्वातीनचे मी साडेपाच तास धरले आणि एक अट घातली : दुपारी एक वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचे, शिखर समोर दिसत असले तरीही. स्कॉटलंडच्या २००३ च्या भूसुधारणा कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या प्रत्येकाला रानावनात फिरण्याची मुभा दिली आहे, त्यामुळे ना परवाना लागतो ना वाटाड्या. अडवणारे कोणी नाही, तसे ‘आता फिरा’ असे सांगणारेही कोणी नाही. डोंगरात फोनला रेंज येईलच असे नसते, त्यामुळे ९९९ या आपत्कालीन क्रमांकावर लघुसंदेश पाठवण्याची सोय दोघांच्याही फोनवर आधीच नोंदवून ठेवली. बोलण्याइतकी रेंज नसली तरी एखादा संदेश निसटून जातो. संकटात पोलिसांकडे माउंटन रेस्क्यू, म्हणजे डोंगरातले बचावपथक, मागायचे. येणारे लोक स्वयंसेवक असतात आणि पैसे घेत नाहीत.

ब्रेज ऑफ फॉसच्या वाहनतळावरून नऊच्या सुमारास निघालो. तिथे ब्रिटनचे राजखगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मॅस्केलाइन यांच्या १७७४ च्या प्रयोगाची स्मृतिशिला आहे. पूर्व-पश्चिम पसरलेला, एकटा उभा आणि दोन्ही बाजूंनी बऱ्यापैकी सारखा असा हा डोंगर स्वतःच्या वस्तुमानाने ओळंबा किंचित बाजूला ओढतो का, हे त्यांनी ताऱ्यांच्या साहाय्याने मोजले आणि त्यावरून पृथ्वीची घनता काढता आली. ते मोजमाप हिशेबात बसवताना गणिती चार्ल्स हटन यांनी समान उंचीचे बिंदू रेषांनी जोडले. माझ्या हातातल्या नकाशावर त्याच समोच्च रेषा होत्या. राजखगोलशास्त्रज्ञालाही इथे तारे दिसण्यासाठी ढग हटण्याची वाट पाहत महिनोन्‌महिने बसावे लागले होते, हे ऐकून मेहुण्याने शनिवार रद्द केल्याचा राग सोडला.

पायवाट उत्तम आहे. जॉन म्युअर ट्रस्ट या निसर्गसंवर्धन संस्थेने १९९९ मध्ये डोंगराची पूर्व बाजू विकत घेतली, पावलांनी उसवलेली जुनी चिखलवाट बंद केली आणि २००३ पर्यंत नवी बांधून काढली. हेदरची फुले विटत आली होती. या टप्प्याबद्दल जास्त लिहिण्यासारखे काही नाही, चालत राहायचे.

पायवाट संपली आणि राखाडी-पांढरे धारदार दगड सुरू झाले. कोणता दगड पायाखाली डुलेल ते पाहून कळत नाही. पाय ठेवला की खालून पोकळ आवाज ऐकू येतो आणि मग वजन टाकायचे की नाही ते ठरते. काठीचे टोक दोनदा फटीत अडकले, तेव्हा मेहुण्याने काठी सरळ पाठीवर बांधली आणि हात मोकळे केले, जे फार शहाणपणाचे होते. समोरचा उंचवटा म्हणजे शिखर असे वाटते, आणि तिथे पोहोचल्यावर पुढे आणखी एक दिसतो. पायवाट जिथे संपली ती जागा मी होकायंत्रावर दिशा घेऊन टिपून ठेवली, कारण धुक्यात उतरताना बांधीव वाटेचे तोंड नेमके तिथेच हरवते.

माथ्यावर साडेबाराच्या आत पोहोचलो. पश्चिमेला लॉख रॅनॉख हे सरोवर पूर्ण लांबीने दिसत होते आणि त्यापलीकडे रॅनॉखचे माळरान. दगडाच्या आडोशाला हातमोजे घालूनच दशम्या आणि लोणचे खाल्ले. मेहुण्याने हातमोज्यांबद्दल काही भाष्य केले नाही.

उतरताना दगडांनी चढताना घेतला होता तेवढाच वेळ घेतला, बांधीव वाटेवर मात्र पावले भराभर पडली आणि तीनच्या आधी गाडीपाशी आलो. आता त्याला हाच डोंगर फेब्रुवारीत, बर्फात करायचा आहे. त्यासाठी आइस अ‍ॅक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) आणि क्रॅम्पॉन (बुटांना बांधायचे काटे) नुसते विकत घेऊन भागत नाही, ते वापरता यावे लागतात, आणि दिवसही फार लवकर मावळतो. आधी हिवाळी चढाईचे प्रशिक्षण घे, मग तारीख ठरवू, असे मी त्याला सांगितले आहे.