पीपीटीपासून धड्यापर्यंत : आमची वाटचाल

जळगावात आमचा व्यवसाय सुरू झाला तो डीटीपीचा, म्हणजे संगणकावर मजकूर टंकून छपाईसाठी मांडून देण्याचा. प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका, संस्थांचे वार्षिक अहवाल आणि विद्यापीठाला सादर करायचे प्रबंध हे आमचे नेहमीचे काम, आणि त्यातूनच परिसरातील शिक्षकांशी ओळखी वाढल्या. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा याच शिक्षकांनी आपापल्या पीपीटी, म्हणजे पॉवरपॉइंटमधील स्लाइडचे संच, आमच्याकडे पाठवायला सुरुवात केली; त्यांतून मुलांना स्वतः हाताळता येतील असे परस्परसंवादी धडे त्यांना हवे होते. बहुतेकांचे गाऱ्हाणे एकच होते : पीपीटी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली की मुले ती अंगठ्याने सरकवत शेवटापर्यंत जातात, आणि नंतर विचारले तर काहीच सांगता येत नाही. वर्गातील स्लाइड हे मुळात शिक्षकाच्या बोलण्याचे टिपण असते. बोलणारा माणूस बाजूला झाला की पडद्यावर चार ओळी आणि एक चित्र एवढेच उरते.

काम हाती घेतल्यावर आधी अक्षरांनीच अडवले. जुन्या पीपीटी श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टंकलेल्या असत, आणि तो फॉन्ट नसलेल्या मोबाइलवर मराठीच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे उमटत. परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही उपकरणावर वाचता येणाऱ्या अक्षरसंकेतात, आणता येतो, परंतु रफार भलत्या अक्षरावर जातो आणि जोडाक्षरे सुटतात, त्यामुळे प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालावीच लागते. मुद्रितशोधनाची जुनी सवय येथे कामी आली. काही संस्थांकडे फ्लॅश या हलत्या चित्रांच्या जुन्या तंत्रात केलेले धडेही होते. २०२० अखेर फ्लॅशचा आधारच बंद झाल्याने ते एचटीएमएल५ मध्ये, म्हणजे कोणत्याही ब्राउझरमध्ये चालणाऱ्या स्वरूपात, नव्याने बांधावे लागले.

खरे काम त्यानंतर सुरू होते, आणि ते संगणकापेक्षा शिक्षकासमोर बसून अधिक होते. भूगोलाच्या एका धड्यात तापीच्या खोऱ्याचा नकाशा होता आणि त्यावर उपनद्यांची नावे बाणांनी दाखवलेली होती. आम्ही नावे काढून टाकली आणि गिरणा, वाघूर, बोरी, पांझरा, अनेर, गोमाई यांपैकी कोणती नदी कोणत्या तीराला मिळते हे मुलांना नाव ओढून ठरवायला लावले. मुले नेमकी कोठे चुकतात, हे सरांनी सांगितले : नदीचा डावा तीर म्हणजे नकाशाची डावी बाजू, असे त्यांना वाटते. म्हणून चुकीच्या उत्तरावर लाल फुली न देता ‘सुरतेकडे, म्हणजे नदी वाहते त्या दिशेला तोंड करून उभा राहा; उजव्या हाताला सातपुडा येतो’ एवढेच वाक्य सरांच्याच आवाजात ऐकू येते आणि नाव पुन्हा मुलाच्या हाती येते. त्यानंतरचा प्रश्न, दक्षिणेकडून येणाऱ्या गिरणा-पांझरा लांब आणि उत्तरेकडच्या नद्या आखूड का, हा मूळ पीपीटीत नव्हताच. सातपुडा नदीला किती जवळ आहे हे नकाशावर बोट फिरवून पाहिल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही. केवळ ‘पुढे’चे बटण दाबायला लावणाऱ्या धड्याला परस्परसंवादी म्हणायला मी तयार नाही, मग त्यात चित्रे कितीही नाचोत.

हे धडे आम्ही प्रामुख्याने एचफाइव्हपी या मुक्त साधनात बांधतो, कारण ते मूडल या ऑनलाइन अध्यापनाच्या प्रणालीवर सहज चालते आणि शिक्षकाला पुढे स्वतः बदल करता येतात. गुणांची नोंद हवी असणाऱ्या महाविद्यालयांना स्कॉर्म या, अध्यापन-प्रणालीला गुण कळवणाऱ्या प्रमाणित स्वरूपात धडा देतो. नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव-अक्कलकुवा या आदिवासी भागातील शाळांसाठी इंटरनेटशिवाय चालणारी प्रत पेनड्राइव्हवर जाते. तिच्यात व्हिडिओ जवळजवळ नसतात, आणि शिक्षक तयार असतील तेथे सूचना पावरी किंवा भिली या तिथल्या बोलींत ध्वनिमुद्रित करतो. अहिराणीतील सूचनांवर मात्र पालकच नाराजी दाखवतात, ‘घरात बोलतोच की’ म्हणतात. मला ती नाराजी पटत नाही.

दर पूर्वी स्लाइडमागे होता. त्यामुळे अनावश्यक स्लाइड वगळा म्हणणे म्हणजे स्वतःचीच कमाई कापणे होई, म्हणून आता दर धड्यामागे घेतो. संस्थांचे पैसे मार्चअखेर येतात आणि शिक्षकांना सवड मिळते ती उन्हाळी सुट्टीत, त्यामुळे जळगावच्या ऐन उन्हात आमची धावपळ सर्वाधिक असते. सध्या कृषी शिक्षण देणाऱ्या एका संस्थेसाठी केळीच्या ठिबक सिंचनाचा धडा चालू आहे : झाडाचे वय आणि हवामान दिले की पाणी किती वेळ सोडायचे हे विद्यार्थ्याने ठरवायचे आणि त्याचा परिणाम पुढच्या पडद्यावर पाहायचा. चुकीचे पर्याय कोणते ठेवायचे, हे विचारायला आम्ही रावेरच्या बागायतदारांकडे जात आहोत.