किताकामी: टॉर्पेडो नळ्या गेल्या, ८ काइतेन आले

जानेवारी १९४४ मध्ये मलाक्का सामुद्रधुनीत ब्रिटिश पाणबुडी ‘टेम्पलर’ने किताकामी या जपानी क्रूझर युद्धनौकेला टॉर्पेडो मारले. मग जपानमधल्या सासेबो गोदीत तिचं रूपच पालटलं. टॉर्पेडो नळ्या निघाल्या, डेकवर रूळ बसले आणि मागचं टोक उताराचं झालं. ८ काइतेन, म्हणजे माणसाने चालवायचे आत्मघाती टॉर्पेडो, रुळांवरून घसरत पाण्यात सोडायचे. एकेक सुमारे ८ टनांचा, म्हणून उचलायला २० टनी क्रेन आली.

किंमत मोजली ती वेगाच्या रूपात: मागची टर्बाइन्स काढल्याने वेग ३६ नॉट्सवरून २३ वर आला. हवाई हल्ल्यांच्या त्या दिवसांत हा सौदा वेडेपणाचाच. लढाईत एकही काइतेन तिने सोडला नाही; जुलै १९४५ मध्ये जपानच्या कुरे बंदराजवळ विमानांनीच तिला जायबंदी केलं.