आमची वाटचाल : शेळ्या, कोंबड्या आणि एक फाटकं पोतं

पडदा खालून बांधायचा आणि वरून सोडायचा. ज्यांच्या शेडात कोंबड्या आहेत त्यांना हे सांगायला नको. आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि ते कळायला 263 पिल्लं गेली.

आमच्या पाटीवर आईचं नाव आहे. पाटी कन्नडात, हिशेबाची वही मराठीत, आणि थंडीतलं निम्मं गिऱ्हाईक कोकणी बोलणारं. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरणाऱ्या रस्त्याला आमचं शिवार. कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा जवळूनच जाते, त्यामुळं दिवाळी सरली की सकाळी आठपर्यंत धुकं हलत नाही. नदीकडं शेड घालू नका, असं चार जणांनी सांगितलं. जमीन तिथंच होती, घालणार कुठं?

सुरुवात 2008 ची. दोन शेळ्या, त्याही अर्धलीनं. वरच्या जंगलातल्या गवळीवाड्यावरचे एक मामा वडिलांच्या ओळखीचे. शेळ्या त्यांच्या, राखण आमची, करडं निम्मी निम्मी. कागद नाही, सही नाही. पहिल्या वेताला तीन करडं झाली तेव्हा तिसऱ्याचं काय, म्हणून आम्ही अडलो. मामा म्हणाले, "ते तुझ्या आईचं. रात्री उठून शेकलं कुणी?"

मामांची दवाची परीक्षा अजून आमच्याकडं चालते. सकाळी ते अनवाणी गवतातून चालून यायचे आणि पाय दगडावर टेकवायचे. दगडावर ओला ठसा उमटला की शेळ्या आत. कोरडा पाय आला की सोडा. दवानं भिजलेलं कोवळं गवत रिकाम्या पोटी खाल्लं की पोट फुगतं, आणि ओल्या पात्यावरून जंत पोटात जातात ते वेगळंच. थंडीत आमच्या शेळ्या दहाच्या आधी बाहेर पडत नाहीत. तोवर तुरीचं भुसकट आणि भुईमुगाचा वाळलेला पाला. शेजारी हसायचे, साहेबांच्या शेळ्या ऑफिसला निघाल्या म्हणून. हसू देत.

कोंबड्या 2010 ला आल्या. आधी गावरान, मग गिरिराज. ही बेंगळुरूच्या हेब्बाळच्या कृषी विद्यापीठानं काढलेली रंगीत जात. परसात फिरते, वजन चांगलं धरते, आणि गोव्याच्या गिऱ्हाइकाला रंगीत कोंबडाच हवा असतो. नाताळाच्या आधी घाटाखालून गाड्या येतात. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की बेळगावच्या हॉटेलांतूनही फोन सुरू होतात. मार्गशीर्षात गावातलं गिऱ्हाईक बंद, पण बाहेरचं दुप्पट. आमचा धंदा तुळशीच्या लग्नापासून शिवरात्रीपर्यंतचा. बाकीचे महिने आम्ही नुसतं खायला घालतो.

आता 2012 चा डिसेंबर. नाताळच्या आदला आठवडा. चारशे पिल्लं, नऊ दिवसांची. पत्र्याचं गोल कडं, खाली भाताचं तूस, वर बल्ब. पहिल्या आठवड्यात पिल्लाला 95 अंश फॅरनहाइट लागतात, पुढं दर आठवड्याला पाच अंश कमी. थर्मामीटर टांगलेलं होतं, पण खरं थर्मामीटर म्हणजे पिल्लंच. बल्बखाली गठ्ठा करून बसली तर थंडी, कडेला पळाली तर उकाडा, सगळीकडं सारखी पसरली तर तुम्हीही जाऊन झोपा.

आईनं युरियाची पोती उसवून, दाभणानं सुतळी ओवून पडदे शिवले होते. दाभण बाबांच्या वेळचं, लाकडी मुठीचं, टोकाला जरा वाकलेलं. एक पोतं मधोमध फाटकं होतं. उद्या शिवते म्हणून ती उठली. पडदे आम्ही वरून खिळ्यांना टांगले आणि खाली विटा ठेवून घट्ट दाबले, वाऱ्याला फट राहू नये म्हणून. म्हणजे नेमकं उलटं.

रात्री साडेअकराला लाईट गेली. लाईटच्या ऑफिसला फोन लावला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. बाराला बाहेर हात धरवत नव्हता. मग मी आणि भावानं दोन शेगड्या लोणारी कोळशाच्या पेटवल्या, धूर सरेपर्यंत बाहेर ठेवल्या, निखारे लालबुंद झाल्यावर आत नेल्या. आमच्या मते फार शहाणपण केलं. शेड ऊबदार झालं. पिल्लं पसरली, शांत झाली. आम्हीही घरात जाऊन पडलो.

पाचला भावानं पडदा उचलला आणि काहीच बोलला नाही. पिल्लं पसरल्याजागीच होती. चोची उघड्या. जिवंत होती ती सगळी एका बाजूला, फाटक्या पोत्याच्या खाली, एकमेकांवर चढून. मोजली तर 137.

पशुवैद्य आले. त्यांनी एक पिल्लू चिरून दाखवलं. रक्त लालभडक, चेरीसारखं. "हा रोग नव्हे, थंडीही नव्हे," म्हणाले. "कोळशाचा वायू. धूर दिसला असता तर तुम्ही पडदा उघडला असता." धूर नव्हता म्हणूनच घात झाला. या वायूला वास नाही, रंग नाही. पडदा वरून सोडलेला असता तर त्याला बाहेर जायला वाट मिळाली असती. पिल्लांचं सोडा, बंद खोलीत शेगडी ठेवून माणसंही झोपून राहतात ती उठत नाहीत. दर थंडीत अशी बातमी येते. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवणाऱ्या आज्या अजून आहेत, त्यांना हे वाचून दाखवा.

नुकसान सोसलं असतं. पण दोन शेतं पलीकडं भावकीतल्याच एकाचं शेड होतं. कोंबड्या सुरू केल्यावर पहिली दोन वर्षं आम्ही मक्याची पोती मिळून आणायचो, वाहतूक निम्मी निम्मी. त्यानं मेलेली पिल्लं पुरताना पाहिली. खड्डा खणायला तर तोच आला होता! दुपारपर्यंत रस्त्यावरच्या चहाच्या गाड्यावर बातमी पोहोचली की तिथं बर्ड फ्लू आलाय. लोकांनी पटकन विश्वास ठेवला, कारण ऑक्टोबरातच बेंगळुरूजवळ हेसरघट्ट्याच्या सरकारी केंद्रात बर्ड फ्लू सापडला होता. टीव्हीवर पांढरे अंगरखे घातलेली माणसं सगळ्यांनी बघितलेली. हॉटेलवाल्यांनी फोन उचलणं बंद केलं. गोव्याच्या गाड्या आमच्या दारावरून पुढं जाऊन त्याच्या दारात थांबू लागल्या. आमचे विक्रीला तयार असलेले दीडशे नर खुराड्यात, आणि दाण्याचं बिल रोजचं.

आणि त्याचा माल काय? फार्मची पांढरी अंडी चहाच्या पाण्यात बुडवून गावरान म्हणून विकायची. हे मी त्याच्या परसात डोळ्यानं पाहिलंय. ओल्या फडक्यानं घासा, फडक्याला रंग लागला तर समजा. पण तेव्हा माझं कोण ऐकणार? ज्याच्या शेडात 263 मेलेत, त्यानं दुसऱ्याच्या अंड्याला नाव ठेवायचं?

वाचवलं गोव्यातल्या साखळी गावच्या काकींनी. त्यांची खानावळ. पहिल्या नाताळापासून चाळीस नर आमच्याकडूनच न्यायच्या. यायच्या तेव्हा नाकावर पदर धरून नाही, सरळ खुराड्याशी जाऊन कोंबड्याच्या छातीचं हाड चाचपायच्या, पिसं फुंकून कातडी बघायच्या. त्या दिवशी रस्त्यावर त्यांना गाठून तीन जणांनी सांगितलं, जाऊ नका. त्या आल्या. सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तू स्वतः खाशील ह्यातला?"

मार्गशीर्ष चालू होता. आमच्या घरात वशाट बंद. म्हणून शेडमागं तीन दगडांची चूल मांडली. खुराड्यातला कोंबडा काकींनीच निवडला, वाटण गाडीतून काढलं, आणि शिजवलं तिथंच. मी देवाची क्षमा मागून खाल्लं, भावानं खाल्लं, काकी दोन भाकऱ्या खाऊन बोटं चाटत बसल्या. रस्त्यावरून हे दिसत होतं. त्यांनी मुद्दाम तिथं बसायचं ठरवलं असणार, पण तसं त्या कधी बोलल्या नाहीत. चाळीसच्या जागी सत्तर नर घेतले. पैसे रोख मोजून दिले, वरचे दहा रुपयेही सोडले नाहीत.

पुढचे दोन गाडीवाले त्याच संध्याकाळी थांबले. बाकीचे परत यायला दोन वर्षं लागली.

त्यानंतर 2014 ते 2019 मध्ये सांगण्यासारखं काही नाही. शेळ्या व्यायल्या, कर्ज फिटलं, पत्रे बदलले, लेंडीखताला ट्रॉलीची मागणी आली. एक गोष्ट मात्र लिहायला हवी. थंडीत अंडी घटतात ती गारठ्यापेक्षा उजेडानं. डिसेंबरात इथला दिवस सव्वाअकरा तासांच्या आतच मावळतो, आणि अंड्यावरच्या कोंबडीला चौदा तासांच्या वर उजेड लागतो. बल्ब लावायचा तो पहाटे चारला, संध्याकाळी नव्हे. संध्याकाळचा बल्ब फटकन बंद केला की कोंबड्या अंधारात माच शोधत धडपडतात. पहाटे लावला तर उजाडताना आपोआप उजेडात उजेड मिसळतो. लाईट असेल तर.

शेजाऱ्याचं शेड 2020 ला बंद झालं. कोंबडीनं कोरोना होतो अशी अफवा त्या फेब्रुवारी-मार्चला उठली, गोकाककडं एकानं जिवंत कोंबड्या खड्ड्यात घातल्याचा व्हिडिओ घरोघरी फिरला. अफवेनं धंदा कसा बसतो ते त्याला कळलं असावं. मला आनंद झाला नाही, असं म्हणणार नाही. त्याचे सहा ड्रिंकर आणि एक फीडर मी विकत घेतले, आणि भाव केला. आता तो रस्त्याला टपरी घालून अंडी विकतो. पाटीवर लिहिलंय, अस्सल गावरान. मी तिथून जाताना फडकं काढत नाही.

गवळी मामा गेले. त्यांचा नातू करडं बघायला येतो, तोही बूट काढून गवतात चालतो, मग माझ्याकडं बघून लाजतो.

काकींचा परवा फोन होता. वीस तारखेला येते म्हणाल्या, चाळीस नर, सव्वादोन किलोच्या वर नको, मांस निबर होतं. जेवायला काय आणू, तेही विचारलं. पिल्लांची नवी तुकडी परवा उतरायची आहे आणि दोन पडदे अजून शिवायचे राहिलेत. दाभण कुठं ठेवलंय ते आई सांगत नाही. मी शिवलं तर टाका वाकडा पडतो म्हणते.