लघु-गुरूच्या कानाने इटालियन

माझी भाची पुढील शिक्षणासाठी इटलीला जाणार असल्यामुळे हल्ली संध्याकाळी बेळगावच्या आमच्या घरात इटालियन क्रियापदांची घोकंपट्टी चालते. परवा तिने 'पार्लेरेम्मो' म्हणायचे तिथे 'पार्लेरेमो' म्हटले. एक 'म' गळाला आणि 'आम्ही बोललो असतो' या वळणाचे संकेतार्थी रूप 'आम्ही बोलू' असे भविष्यकाळी होऊन बसले. मी तिला एवढेच म्हटले की, कन्नडमध्ये 'हळ्ळी' म्हणजे गाव आणि 'हळी' म्हणजे रेल्वेचा रूळ, हे आपल्या भागात कुणाला शिकवावे लागत नाही. तोच कान इथे लाव.

'पार्लारे' म्हणजे बोलणे. त्याची संकेतार्थी रूपे पार्-ले-रेइ, पार्-ले-रे-स्ती, पार्-ले-रेब्-बे, पार्-ले-रेम्-मो, पार्-ले-रे-स्ते, पार्-ले-रेब्-बे-रो अशी तोडतात. सहाही रूपांत आघात 'रे'वरच असतो. तो पहिल्या रूपात शेवटच्या अक्षरावर, मधल्या चारांत उपांत्य अक्षरावर आणि अखेरच्या रूपात मागून तिसऱ्या अक्षरावर येतो, आणि भाची नेमकी तिथेच 'बे'वर जोर देते. वास्तविक हा प्रत्यय म्हणजे लॅटिनमधील 'हाबेरे' या स्वतंत्र क्रियापदाच्या भूतकाळी रूपांचा अवशेष आहे. मूळ धातूला चिकटताना त्याने आघात स्वतःकडे ओढून घेतला, आणि बिनआघाताच्या झालेल्या 'पार्लार'मधील दुसरा 'आ' झिजून 'ए' झाला.

आपली लिपी जोडाक्षर पुढच्या अक्षरात कोंबते, इटालियन मात्र द्वित्त मधोमध तोडते. तरीही जोडाक्षरापूर्वीचे अक्षर गुरू, हा आपल्या वृत्तांचा नियम 'रेब्बे' आणि 'रेम्मो' यांना चपखल बसतो. 'रेमो'मधील 'ए' लांबतो, 'रेम्मो'मधील आखूड राहून वजन 'म'वर जाते, आणि दोन्ही रूपांतला खरा भेद कानाला तिथे कळतो.

गंमत 'रेस्ती'ची आहे. शुद्धलेखनाचा नियम 'स'ला पुढच्या अक्षरात ढकलतो, म्हणजे 'रे' मोकळे राहते. मग त्यातला 'ए' लांबायला हवा, पण उच्चारात तो आखूडच राहतो, जणू 'स'ने ते अक्षर बंद केले आहे. वहीत 'रे-स्ती' लिहावे लागेल हे मला मान्य आहे, पण माझा कान 'विस्तार'मधला 'वि' गुरू मोजण्यात मुरलेला असल्यामुळे मी भाचीला म्हणताना 'रेस्-ती' असेच म्हणायला लावतो.