आमची वाटचाल : धायरीतलं वर्कशॉप आणि 'आतून' आलेले सुतार

माझं गाव आटपाडी. गावाजवळच स्वतंत्रपूर आहे, औंध संस्थानाने १९३९ साली वसवलेली कैद्यांची खुली वसाहत. शिक्षा झालेली माणसं तिथे बायकापोरांसह राहून शेती करतात. त्यांची पोरं आमच्या वर्गात असायची. म्हणून २०१४ मध्ये येरवड्यातून सुटलेला एक सुतार काम मागायला आला, तेव्हा मला काही वाटलं नाही. पार्टनरला वाटलं.

मी त्याच्या हातात सागवानी फळी आणि रंधा दिला. आत त्याने सरकारी कचेऱ्यांची टेबलं केली होती. बिनखिळ्याचा सांधा असा बसवला की मधे नख जाईना. पण आमचं काम प्लाय-सनमायकाचं, मॉड्युलर किचनचं. ते तो दोन महिन्यांत शिकला. वेळ खाल्ला तो कागदांनी. आधारवर गावचा पत्ता, गावी जायची सोय नाही, जुना मोबाईल नंबर बंद. बँकेत तीन हेलपाटे झाले. भाडेकरू पडताळणीचं नाव काढलं की खोली हातची जायची. शेवटी वर्कशॉपच्या पोटमाळ्यावर कॉट टाकली.

रोज संध्याकाळी तो पटाश्या मोजून ठेवायचा. आत हत्यारं मोजून देतात, मोजून घेतात. आमचे मिस्त्री हसायचे. पण ड्रिलचे बिट हरवणं बंद झालं, हे त्यांनीही मान्य केलं.

त्याच्यानंतर असे सात जण आले. दोघं टिकले नाहीत, त्यातला एक आठ हजार उचल घेऊन गेला. "सांगितलं होतं ना!" मिस्त्री म्हणाले. उचल बुडवून गेलेले बाहेरचे सुतार चार आहेत, त्यांचा विषय कोणी काढत नाही.

एका सोसायटीने साइटवर येणाऱ्या प्रत्येकाचा पोलिसांचा चारित्र्य दाखला मागितला. ऑर्डर गेली. मग या मंडळींना वर्कशॉपमध्येच ठेवायचं आणि फिटिंगला दुसरे पाठवायचे, असं मीच ठरवलं. चुकलंच ते. साइटवर गेल्याशिवाय माप घेता येत नाही, आणि माप घेता आल्याशिवाय सुताराचा मिस्त्री होत नाही. पगार वाढत होता, माणूस तिथेच.

आता जुन्या गिऱ्हाइकांना आधी सगळं सांगतो. काही जण नको म्हणतात. गेल्या दिवाळीआधी त्या पहिल्या सुताराने स्वतः माप घेतलेलं किचन सिंहगड रोडला बसलं. ओट्याखालचं एक शटर किंचित घासत होतं. बाईंच्या लक्षातही आलं नव्हतं. त्याने ते उतरवलं आणि स्कूटरवर आडवं धरून वर्कशॉपला परत आणलं.