वंशावळीत नसलेली बहीण

मी तलाठी आहे. गोदाकाठच्या माझ्या सज्जावर त्या दिवशी वारस नोंदीचा अर्ज आला. वडील वारलेले, दोन मुलगे, सोबत वंशावळ आणि प्रतिज्ञापत्र. कागद चोख होते. कोतवाल मात्र हळूच म्हणाला, "बाई, यायला एक बहीण हाय. गंगाखेडला दिलेली."

थोरल्यानं नाकारलं नाही. "हाय की. पण सुखात हाय ती. दिवाळीला साडीचोळी करतोच आम्ही."

मी बहिणीला बोलावून घेतलं. सोबत तिची ऐंशीच्या घरातली आत्या आली. बहीण खाली बघूनच बोलली, "हक्कसोड करून देते. भाऊ तोडून शेत नको मला."

असं म्हणणाऱ्या किती बायका मी पाहिल्यात! हक्क सोडणं तिच्या हातात आहे, पण आधी नाव लागू दे, असं मी तिला म्हटलं.

तेवढ्यात आत्या म्हणाली, "माझा बाप गेला तवा माझं नाव लिव्हलं व्हतं का, तेवढं बघ माय."

जुनं फेरफार रजिस्टर काढलं. साल १९६३. 'मुलगी लग्न होऊन सासरी नांदते', एवढ्या कारणावर जमीन एकट्या भावाच्या नावे.

मला फार लाज वाटली. हिंदू कोड बिल रखडलं, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९५१ च्या राजीनाम्याचं एक मोठं कारण. त्या बिलातला वारसाचा भाग १७ जून १९५६ ला कायदा म्हणून लागू झाला आणि बापाच्या हिश्श्यात लेक वारस ठरली. म्हणजे आत्याचा हक्क सात वर्षं आधीच कायद्यात आला होता. माझ्याच खुर्चीत बसलेल्या कुणीतरी तो लिहिला नाही.

भाचीचं लग्न १९९१ चं. महाराष्ट्रानं १९९४ ला मुलींना वडिलोपार्जित जमिनीत जन्मापासून हिस्सा दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. ती अट २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं गेली. भावांना हे सगळं समजावून सांगितलं. धाकटा गप्प राहिला, थोरला बाहेर जाऊन उभा राहिला.

नवी वंशावळ घेतली, नोटिशीत तीन नावं लिहिली. आत्यानं जुन्या रजिस्टरवर बोट टेकवलं. "हितंच का?"

"हो, आजी."

मग नोटिशीतलं भाचीचं नाव तिनं मला मोठ्यानं वाचायला लावलं. दोनदा.

हक्कसोडाचा कागद अजून तरी माझ्याकडे आलेला नाही.